मंगळाच्या सेनापतीचा अध्याय

कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या जळल्याचा वास आला, की मला एरंडोलजवळच्या आमच्या घरातली एक संध्याकाळ आठवते. चूल धुमसत होती आणि मी मायला एक कादंबरी वाचून दाखवत होतो. मंगळावरून आलेला एक परका तरुण पृथ्वीच्या सैन्यात शिपाई होतो आणि पायरीपायरीने सेनापतिपदाला पोहोचतो, अशी ती कथा होती. माझा थोरला भाऊ तेव्हा सीमेवर शिपाई होता. त्याला बढती मिळावी म्हणून मायने पद्मालयाच्या गणपतीला नवस बोलला होता. कादंबरीलाही तिने पोथीप्रमाणे हळदकुंकू वाहिले होते.

वाचता वाचता माझी नजर पुढच्या ओळींवर गेली. नवा सेनापती सर्वांच्या पुढे होता आणि तोफेचा गोळा त्याच्याच यानावर येत होता. मी पुस्तक मिटू लागलो.

"अर्धा अध्याय सोडतस नही रे," माय म्हणाली. "वाच."

मी वाचले. माझ्या मनगटावरचा तिचा हात गार पडत गेला.

"तो जित्ता शे ना?"

"नही, माय. पन हाई खोटी गोष्ट शे."

"मना पोऱ्या शिपाईच ऱ्हावो, देवा," ती पुटपुटली.

तेव्हा मला ती फार भोळी वाटली. भाऊ पुढे सुभेदार झाला आणि सुखरूप परतला. त्याच्या प्रत्येक बढतीला आम्ही गावात पेढे वाटले; माय मात्र त्या दिवशी अन्नाला शिवत नसे.