पहिल्या पानापुढे कुलूप

"पाण्याच्या बाटल्या ठेवून झाल्या ना? मग बाहेर थांबा."

विद्यापीठाच्या लायब्ररीत त्या दिवशी नवे ऑनलाइन डेटाबेस कसे वापरायचे ते शिकवत होते. जगभरचे शोधनिबंध आता घरबसल्या वाचा, असं ग्रंथपाल मॅडम कौतुकाने सांगत होत्या. मी तिथली शिपाई, चौदा वर्षांची जुनी. मॅडमनी सांगितल्यावर एरवी निमूट बाहेर गेले असते. पण पडद्यावर माझी आई होती.

नमुना म्हणून मॅडमनी गिरणी संपावरचा एक निबंध शोधला होता. पहिल्या पानावर फोटो. परळची आमची खोली, स्टोव्हपाशी बसलेली बाई. तोंड फोटोच्या कडेने अर्धं कापलेलं, पण मनगटावरचा तव्याचा डाग मी कुठेही ओळखीन.

"मॅडम, ही माझी आई."

"असेल हो. तुमच्याकडे सगळ्या अशाच दिसतात."

हॉल हसला. मला रडू आलं. त्यांच्यासमोर आलं, याचा राग अजून गेलेला नाही.

फोटोखाली इंग्रजीत ओळ होती. बारावीपुरतं इंग्रजी मला येतं. 'संपातली मूक स्त्री.'

मूक? संपात पगार बंद झाले, तेव्हा गावाहून तांदूळ मागवून आईने सोळा गिरणी कामगारांची खानावळ चालू ठेवली. मोर्चात लाठी खाल्ली. पुढे हा निबंध लिहिणारी संशोधक बाई घरी आली, तेव्हा आई दोन दुपारी टेपसमोर बोलत होती. बाईला बांगडा माशाचं तिखलं करून भातावर वाढलं. "छापलं की पाठवते, मावशी," असं म्हणून बाई गेली ती गेलीच.

पुढची पानं वाचायला पासवर्ड लागतो. तो विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांनाच. ग्रंथपालांना विचारलं.

"तुम्ही वाचून काय करणार?"

एका विद्यार्थिनीला दया आली. "ताई, मी गुपचूप प्रिंट काढून देते." माझा हात पुढे झालाही होता. मग मागे घेतला. माझ्या आईचं बोलणं मी चोरून का न्यायचं?

घरी आईला सगळं सांगितलं. ती अंथरुणाला खिळलेली.

"मी मुकी? आणि दोन दिस बोललंय ता खंय गेला?"



दुसऱ्या दिवशी निबंध वाचायला मिळावा म्हणून विद्यापीठाला अर्ज लिहिला, मराठीत. आवक रजिस्टरला नोंदवून शिक्का घेतला. फेटाळला गेला. पुन्हा दिला. असे नऊ झाले. आई थकत चालली आहे. तिच्या हयातीत काही होईल असं मला वाटत नाही, आणि माझ्या हातात काही नाही हे रोज नव्याने कळतं. दहावा अर्ज आज दिला. त्यात निबंधाबरोबर त्या टेपही मागितल्या आहेत.

अकरावाही देईन. आणि यापुढे आमच्या खोलीत कोणी टेप घेऊन आलं, तर छापलेलं आणून देईन असं आधी लिहून देईल, मग बसेल.