इमान उतरायचा माळ

इमानकाकींना लांब असं काही ठाऊकच नव्हतं. कोरेगावच्या बाजारापलीकडे कधी पाऊल न टाकलेली ही बाई कलकत्त्याविषयी असं बोलायची, जणू ओढ्यापलीकडची वस्तीच. लढाईचे दिवस होते. त्यांचा एकुलता एक शंकर लष्कराच्या नोकरीत कलकत्त्याच्या विमानतळावर होता. रजेवर आला तेव्हा थट्टेत म्हणाला, "आये, आगगाडीनं तीन दिस मोडत्यात. इमानानं भाकरी खाऊन निघालो, तर दिस मावळायच्या आत तुज्या म्होरं." पोरगा थट्टा करून गेला आणि आईनं ती शब्दाला शब्द खरी धरली. तेव्हापासून गावानं त्यांचं नावच इमानकाकी ठेवलं.

मी सांगलीची, शेजारच्या घरात नवी नवरी. माहेरच्या आठवणीनं डोळे पुसताना दिसले की काकी परसातून म्हणायच्या, "सांगली ती काय गं पोरी. इमान सुटलं की चुलीवरलं पाणी उकळायच्या आत सांगली."

"पण काकी, इमान आणायचं कुठून?"

"माजा शंकर आणतोय की. जाताना तुला सोडंल."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

नवऱ्यामागं काकींच्या वाटणीला एक माळ आला होता. नुसते धोंडे, शेळीसुद्धा तिथं तोंड लावत नसे. एके दिवशी काकी पाटी घेऊन गेल्या आणि धोंडे वेचून बांधावर टाकू लागल्या. इमान उतरायला जागा नको? गावाला आयतं खेळणं मिळालं. कुणीतरी येऊन सांगे, "काकी, सांगावा आलाय, आज दुपारी उतरतोय शंकर." काकी पुरणपोळ्या करून माळावर जाऊन बसत. अंधार पडला की परत येत आणि त्या पोळ्या सांगावा आणणाऱ्यालाच खायला घालत. तो मिटक्या मारत खाई. आमचं गाव हे असलं.

त्यांचे धाकटे दीर आबा मात्र कधी हसले नाहीत. बांधावर उभे राहून गंभीरपणे सांगत, "वैनी, इमानाला पळायला लय जागा लागती. त्या कडंपातुर साफ करा." साऱ्या गावात शहाणा तेवढा आपला दीर, असं काकींना वाटे. मलाही वाटे. बोटं फुटली, नखं गेली, पण दोन उन्हाळ्यांत माळ तळहातासारखा स्वच्छ झाला.

मग तार आली. शंकर तापानं गेला होता.

तेराव्याचं जेवण झालं आणि दुसऱ्या दिवशी आबांनी माळावर नांगर घातला. काकी धावत गेल्या, त्यांच्यामागे मी.

"आवं भावजी, ह्यो माळ माजा हाय."

आबांनी बैल थांबवले नाहीत. "धोंडं व्हतं तवर तुमचाच व्हता. आता मागं-म्होरं कोण न्हाई तुमाला. भाकरी घालीन की मी."

पंच बांधावरच बसले होते. मेले आबांचीच तंबाखू मळत राहिले. आबांचं तळपट झालं असतं तर मी साखर वाटली असती. पण त्या साली त्यांची ज्वारी अशी पिकली की हुरड्याला सगळं गाव लोटलं.

राखणीला त्यांनी काकींनाच मचाणावर बसवलं, हातात गोफण देऊन. मी भाकरी घेऊन जाई. एकदा मी खाली उभी असतानाच एक विमान आलं, फार खालून. काकी ताडकन उठल्या. आता हंबरडा फोडतील, असं मला वाटलं. त्यांनी दोन्ही हात हलवून त्याला पुढं घालवलं.

"फुडं जा लेकरा," त्या ओरडून सांगत होत्या. "हितं उतरू नगं. हितं आता पीक हाय."