मिटलेले डोळे

दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये मी कारकून होतो आणि तो रुईच्या गाठी वाहणारा हमाल. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे हमाल सावलीत आडवे व्हायचे, तेव्हा हा पेन्सिलीचा तुकडा घेऊन रद्दी कागदावर त्यांची चित्रं काढत बसायचा. शिकवणारं कोणी नव्हतं. खोडायचा, पुन्हा काढायचा. एकदा मी विचारलं, "तू थकत नाहीस का रे?" कागदावरची नजर न काढता तो म्हणाला, "यानंच तं जीव थंडावते, बाबूजी."

त्याच्या वस्तीनं नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. घराघरांतल्या देवांच्या तसबिरी उतरल्या होत्या. लोकांनी त्याला बुद्धाचं चित्र काढायला सांगितलं, तेव्हा तो घाबरलाच. "मी आपला जिवाले बरं वाटते म्हणून काढतो. हे लय मोठं काम हाय." पण त्यानंतर कित्येक महिने तो फक्त झोपलेल्या हमालांचे मिटलेले डोळे काढत राहिला.

शेवटी बुद्धाचं चित्र पूर्ण करून वस्तीत लावलं, त्या दिवशी त्यानं मलाही बोलावलं. इतक्या वर्षांत मी त्या वस्तीत पहिल्यांदाच पाऊल ठेवत होतो, याची मला लाज वाटली. त्याची म्हातारी आई चित्राजवळ गेली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"काहून रे, हे इतके थकेल दिसून राह्यले?"

त्यानं मान खाली घातली. "माय, मी तसेच डोळे पाह्यले. चुकलं असन तं उतरवतो."

"राहू दे," म्हणत तिनं हात जोडले. "आपल्यातलेच वाटून राह्यले."