आपलं शेवटी

स्टँडच्या कोपऱ्यावर दर काही महिन्यांनी माझ्या नवऱ्याचा फ्लेक्स लागतो. फेटा बांधलेला फोटो आणि खाली तीन बिरुदं: माजी सैनिक, प्रगतिशील शेतकरी, समाजसेवक. पहिलं त्यांचं आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. तिसरंही त्यांचंच, माझ्या नाकावर टिच्चून मिळवलेलं. मधलं मात्र माझं आहे. ते त्यांच्या फोटोखाली कुणी, कुणाला विचारून चिकटवलं, ते मला आजवर कळलेलं नाही.

मी एकदा बोलून दाखवलं तर हे हसले. म्हणाले, "अगं, छापणारी पोरं हायती. मनावर काय घ्यायचं?" मनावर नाही तर कुठं घ्यायचं?

हे हवालदार म्हणून निवृत्त झाले. पण आमच्या इंदापूर तालुक्यात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो, त्यामुळे हे मेजर आणि मी आपोआप मेजरीणबाई. हे सीमेवर होते तेव्हा इथं मी होते. हे सुट्टीवर यायचे, बांधावरून एक चक्कर मारायचे, "ऊस बरा हाय की," म्हणायचे आणि ट्रंक उचलून दौंडला गाडी धरायला जायचे. कुठल्या रानात काय लावायचं ते सासरे ठरवायचे. सासरे गेल्यावर मला वाटलं, आता मी ठरवीन. तर हे फोनवरून ठरवायला लागले. बर्फात बसलेला माणूस मला खुरपणी कधी करायची ते सांगायचा! मी हं हं करायचे आणि पाहिजे तेव्हा बाया लावायचे. पाणी सोडलं की फावडं घेऊन एकेका वाफ्याचं तोंड उघडायचं, भरला की बुजवायचं, याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. ती मी थंडीत धरली, उन्हात धरली, पोटुशी असताना धरली. त्याचा कुठं फ्लेक्स लागला नाही आणि लागावा असंही मला कधी वाटलं नव्हतं.

मग हे कायमचे घरी आले. मला वाटलं, आता दोन हातांचे चार हात होतील. पण हे आले ते गावाला आले. पहाटे उठून भरतीच्या पोरांना पळवणार. कुणाला रक्त लागलं, कुणाला बारामतीच्या दवाखान्यात न्यायचंय, कुणाच्या बांधाचं भांडण, की चालले मेजर. लष्करात असताना यांच्या भाकऱ्या लष्कर भाजायचं; घरी आल्यावर हे लष्कराच्या भाकऱ्या भाजायला लागले. कोरोनात गावात मयताला हात लावायला कुणी पुढे येईना, तेव्हा ह्यांनी लावला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. त्याचा मला अभिमान आहे. रागात असले तरी तो आहे.

पुढे चारीच्या, म्हणजे कालव्यातून रानांकडे येणाऱ्या पाटाच्या, पाणीवाटपाचं काम गावाने यांच्या गळ्यात घातलं. कालव्याला आवर्तन आलं, म्हणजे ठरावीक दिवसांसाठी धरणाचं पाणी सुटलं, की कुणी कधी पाणी घ्यायचं ते हे ठरवणार. त्याआधी दर उन्हाळ्यात डोकी फुटायची, ती फुटायची थांबली. का थांबली? तर मेजर स्वतःची पाळी सगळ्यांच्या शेवटी लावतात म्हणून. खरं तर नियम असा, की चारीच्या शेपटाला जी रानं आहेत त्यांना पाणी आधी, मग वरच्यांना. आमचं रान शेपटाला. म्हणजे नियमाने आमची पाळी पहिल्यांदा यायची. पण हे म्हणाले, "लोक म्हणत्याल, मेजर कारभारी झालं आन् पयलं सोताचं रान भिजवलं. आपलं शेवटी."

फौजेत जवान जेवल्याशिवाय हवालदार जेवत नाही म्हणे. मी म्हटलं, "तितं शेवटच्याला गार डाळ तरी मिळती. हितं आवर्तन बंद झालं की नुसता चिखल." गावकरी मात्र खूश होते. दुसऱ्याच्या रानावर कुणीही दिलदार होतं, हे त्यांना सांगायची सोय नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात मी चारीकडच्या तुकड्यात भुईमूग केला. ह्यांना ऊस लावायचा होता. मी म्हटलं, या तुकड्यात मी म्हणीन ते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा म्हटलं आणि केलं. पीक असं आलं की येणारा-जाणारा बांधावर थांबायचा. फूल पडलं की भुईमुगाला आऱ्या सुटतात, हिरव्या सुतासारख्या, आणि त्या खाली जमिनीत शिरतात. त्यांच्याच टोकाला शेंग धरते. जमीन ओली असली तरच शिरतात. कडक झाली की वरच वाळतात, वरून वेल हिरवागार आणि खाली काही नाही. आऱ्या सुटल्या आणि नेमका विहिरीने तळ दाखवला. आता कालव्याचं पाणी हाच आधार. आमची पाळी शुक्रवारी, आणि शनिवारी आवर्तन बंद.

गुरुवारी संध्याकाळी आबा आले. त्यांचं रान चारीच्या पलीकडच्या अंगाला, आमच्या समोरच. त्यांची पाळी पहिल्या दिवशी होती, पण ते लेकीकडच्या जावळाला गेले आणि ती चुकली. मी आत चहा टाकला होता. बाहेरून ऐकू येत होतं.

"मका करपाय लागलीय, मेजर. जनावरांनी काय खायाचं?"

"आबा, तुमी काळजी करू नका. उद्याची आमची पाळी तुमी घ्या."

इतकंच. आधण उतू गेलं तरी मी तशीच उभी. मी चार पावलांवर होते. "अगं, देऊ का?" एवढे तीन शब्द भिंतीपलीकडे टाकायला काय लागत होतं? आबांचा चहा झाला, त्यांनी मेजरांचे उपकार मानले, मला "चहा झ्याक झालता" म्हणाले आणि गेले. तळपायाची आग मस्तकात गेली.

"भुईमूग कुणाचा हाय?" मी विचारलं.

"आपलाच की."

"आपला न्हाय. माझा. आन् ते पाणी त्याचं होतं."

"अगं, त्यांची जनावरं हायती. उरलं तर घिऊ की आपुन सांजच्याला."

"उरत नसतं, ठावं हाय तुमाला."

"शब्द दिलाय मी," हे म्हणाले. जणू शब्द फक्त यांनाच देता येतो. मला आबांचा राग नव्हता. माणूस अडला की मागतो. त्यांनी आत येऊन मला विचारलं असतं तर गुरांकडे बघून मी अर्धं पाणी दिलंही असतं. पण मला कुणी विचारलंच नाही. मी भुईमुगासारखीच त्या रानातली एक वस्तू होते.

शुक्रवारी सकाळी हे भरतीच्या पोरांना घेऊन अंथुर्ण्याच्या रस्त्याला गेले. मी फावडं घेतलं आणि चारीवर गेले. पाणी नुकतंच आलं होतं. चारीचं माझ्या अंगाचं तोंड फोडलं आणि पहिल्या वाफ्यात पाणी सोडलं. तापलेली माती पाणी पिताना चुरचुर आवाज करते. तो मी ऐकत होते तोवर पलीकडून आबा आले.

"मेजरीणबाई, आवो, मेजरांनी पाणी आमाला दिलंय की!"

"त्यांनी दिलं आसंल. मी न्हाय दिलेलं."

आबांनी फोन लावला. मी दारं धरत राहिले. दुसरा वाफा भरला. आजूबाजूच्या रानातली चार माणसं बांधावर येऊन उभी राहिली, कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरीही आला. मग हे मोटारसायकलवर आले. आले ते थेट चारीवर, माझ्या हातातलं फावडं घेतलं. हिसकावलं नाही, नुसतं घेतलं, कारण मी देणारच हे त्यांनी धरलेलं होतं. माणसांसमोर ओढाओढी करायची मला लाज वाटली, आणि त्या लाजेचाही मला राग आला. ते वाकले आणि माझ्या तोंडावर माती टाकू लागले. चारीच्या तोंडावर म्हणायचं होतं मला, पण तेव्हा वाटलं ते हेच.

"शब्दाचा माणूस," बांधावर कुणीतरी म्हणालं.

आबा पुढे झाले आणि ह्यांना हात जोडले. "मेजर, तुमचं लई उपकार झालं."

"आबा," मी म्हटलं, "हिकडं बघा. उपकार त्यांचं कसं? पीक माझं, पाणी माझं. मागायचं आसंल तर मला मागा."

हे फावडं धरून तसेच वाकलेले. आबा म्हातारा माणूस, पण धीराचा. त्यांनी एकदा ह्यांच्याकडे बघितलं आणि मग पहिल्यांदाच नीट माझ्याकडे वळले. हात तसेच जोडलेले होते.

"बरं. चुकलं माझं," ते म्हणाले. "तुमाला मागतो. द्या पाणी."

मी भुईमुगाकडे बघितलं. दोन वाफे ओले, बाकी सगळं रान पांढरं पडलेलं.

"न्हाय," मी म्हटलं.

ह्यांच्या हातातलं फावडं मी काढून घेतलं आणि टाकलेली माती परत उपसली.