आत्याचा ओला फडका

माझ्या आत्याने एकतीस वर्षं संग्रहालयात झाडलोट केली. धुळीशी तिचं हाडवैर. आमच्याकडे आली तरी आधी खिडकीच्या कडेवरून बोट फिरवायची, मग पाणी मागायची. आई दातओठ खायची.

संग्रहालयात काचेच्या कपाटात एक ढोल होता, डोंगरातल्या मूळ रहिवाशांचा. आमच्या पूर्वजांनी त्यांच्या जमिनी बळकावल्या, तेव्हाच तोही उचलून आणलेला. कपाटाला कुलूप, त्यामुळे आत्याचा हात काचेपर्यंतच. बऱ्याच बैठका झाल्यावर एकदाचं ढोल परत करायचं ठरलं. आदल्या दिवशी कपाट उघडलं आणि आत्याला राहवलं नाही.

"इतक्या वर्षांनी माहेरी निघालाय, असा मळका कसा पाठवू?" म्हणत तिने ओल्या फडक्याने चामड्यावरचे तांबडे डाग घासघासून काढले.

सकाळी ढोल न्यायला डोंगरातली म्हातारी आली. चामड्यावरून हात फिरवत तिने विचारलं, "पंजे कुठे गेले? ढोल सांभाळणारी प्रत्येक बाई लाल मातीत हात बुडवून पंजा उमटवायची."

आत्या कोपऱ्यात बादली घेऊन उभी होती. निवृत्तीला चार महिने उरलेले. त्यात संग्रहालयाच्या साहेबांनी तोंड उघडलं, "हवा दमट आहे ना, त्यामुळे..." आत्या गप्प राहिली असती तर सगळं निभावलं असतं.

"हवेला कशाला बोल लावता, साहेब? मीच पुसले." मग म्हातारीकडे वळून ती म्हणाली, "मला डाग वाटले हो. चुकलं माझं."

"त्यात माझ्या आईचा हात होता," म्हातारी म्हणाली.

आत्या हुंदके देऊन रडायला लागली. म्हातारीने ढोल उचलून काखेत घेतला.

"तुमच्या लोकांनी आमचं पुष्कळ पुसलं, बाई. 'मी पुसलं' म्हणणारी तूच पहिली. चल माझ्याबरोबर. हेच आमच्या माणसांसमोर सांग."

आत्या गेली. भर अंगणात, सगळ्यांच्या देखत, तिने पुन्हा सांगितलं. कुणी रागाने उठून गेलं, कुणी बसून राहिलं. मग म्हातारीने लाल मातीत हात बुडवला, ढोलावर पंजा उमटवला आणि आत्याकडे बघितलं.

"आता हा पुसू नकोस हं."

आणि त्याच ओल्या हाताने तिने आत्याचा उजवा हात घट्ट धरला.

घरी आल्यावर आमची ही धुळीची वैरीण दोन दिवस डाव्या हाताने जेवली. उजवा तिने धुतलाच नाही.