न वाढलेल्या रोपांची नोंद

डॉ. विशाखा रामटेके यांची माझी पहिली भेट त्यांच्या खडकीच्या घरी झाली. मी पीएच.डी.साठी मार्गदर्शन मागायला गेले होते. मी माझे गुण सांगू लागताच मॅडमनी नुकतेच उपटलेले झेंडूचे रोप माझ्या हातात दिले.

“मुळांवर बुरशी दिसतेय का?”

“नाही. मातीच दिसतेय,” मी चाचरत म्हणाले.

“बरोबर. ती नुसत्या डोळ्यांनी दिसतच नाही. कालच्या उमेदवारांना मात्र स्पष्ट दिसली होती. सोमवारी या.”

मुळांत राहणारी ही बुरशी आपल्या बारीक तंतूंनी दूरच्या मातीतले स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, झाडाला आणून देते आणि झाड तिला साखर देते. या देवाणघेवाणीच्या अभ्यासात मॅडमनी उभे आयुष्य घालवले. त्यांच्याच सल्ल्याने लोणी काळभोरच्या काही शेतकऱ्यांनी मिरचीच्या रोपांना ही बुरशी दिली होती. मी तिथलीच माती कुंड्यांत भरून प्रयोग लावला. बुरशी दिलेली रोपे बिनबुरशीच्या रोपांपेक्षा खुजी राहिली. माझेच काही चुकले असेल, या भीतीने मी त्यांतल्या सर्वांत खुज्या सहा कुंड्या शेडमागे ठेवल्या आणि तक्त्यातून वगळल्या.

मॅडमना त्या सापडल्या. मी रडत सगळे कबूल केले.

“रोपांनी त्यांचं काम केलं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “तुम्ही तुमचं करायला हवं होतं. पुन्हा लावा.”

पुन्हा तेच झाले, तेव्हा आम्ही माती तपासली. वर्षानुवर्षांच्या खतांमुळे त्या मातीत स्फुरद भरपूर होते. झाडाला बुरशीची गरज उरली नव्हती, बुरशी मात्र साखर घेतच होती.

त्याच आठवड्यात मॅडम मला घेऊन लोणी काळभोरला गेल्या. जमलेल्या शेतकऱ्यांना त्यांनी सरळ सांगितले, “तुमच्या जमिनीसाठी माझा सल्ला चुकीचा होता. मी आधी माती तपासायला हवी होती.”

शोभाबाई नावाच्या एक शेतकरीण उभ्या राहिल्या. “म्हंजे आमची मिरची खुरटून बसली, ती तुमच्यामुळं?”

“काही अंशी, हो.”

“आमी तर पाण्यावर ढकललं व्हतं. मग सांगाया कशाला आलात?”

“पुढच्या लावणीला तुम्ही पुन्हा तेच केलं असतं.”

मग शोभाबाई म्हणाल्या, “आता आलाच हाय, तर आमच्या मातीला काय लागतं ते बघूनच जावा.”

त्यानंतर माती तपासल्याशिवाय मॅडमनी कोणालाही बुरशी दिली नाही. पुढे तीच बुरशी त्यांनी एका टेकडीवरच्या निकस मातीत वापरली आणि तिथली कडुनिंबाची रोपे तगली. माझा प्रबंध वर्षभर लांबला. त्याचे मुख्य प्रकरण त्या खुज्या रोपांवरच उभे राहिले. लपवलेल्या कुंड्यांविषयी मात्र मॅडमनी कधीच कोणाला सांगितले नाही.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी त्यांची परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, “तुमच्या चुकीचं तुम्ही ठरवा. माझी अवश्य लिहा. गौरवग्रंथात तेवढं तरी वाचण्याजोगं हवं.”

मॅडम पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. गुडघे कुरकुरतात, तरी विद्यार्थ्यांच्या कुंड्या त्या स्वतः जाऊन पाहतात. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि नकोसा निष्कर्ष घेऊन दारात उभ्या राहिलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला, “आत या, बसा,” म्हणणारा त्यांचा आवाज आम्हाला अशीच खूप वर्षे ऐकू येवो.