सलाउद्दीन पेटीवाले आणि भांडणारे सूर

सलाउद्दीन नूरमहंमद शेख. जन्म चांदवड, १९५१. मृत्यू नाशिक, २०२४. पेट्या दुरुस्त करणे आणि त्यांचे सूर मिळविणे हा व्यवसाय त्यांनी जुन्या नाशकातील एका अरुंद दुकानात एक्कावन्न वर्षे केला. दुकानात वाद्ये विकायलाही असत. गिऱ्हाईक त्यांना चाचा म्हणे.

मुलासाठी वाद्य घ्यायला कोणी आले की चाचांचा एक नियम असे. आईबापांना समोरच्या हॉटेलात चहाला पाठवायचे, मुलाला वाद्यांच्या मधोमध पाटावर बसवायचे आणि आपण कामात गुंतल्याचे सोंग करून पाहत राहायचे. मुलाला काही विचारायचे नाही. असे तीन गुरुवार. मुलाचा हात सारखा कुठे जातो, हे वहीत टिपून मगच ते वाद्य सांगत. त्यांनी सांगितलेले वाद्य कोणी परत आणल्याचे उदाहरण नव्हते.

२०२१ च्या डिसेंबरात टपाल कार्यालयातील कारकून सविता जगताप नऊ वर्षांच्या पल्लवीला घेऊन आल्या. त्यांना तबला हवा होता.

"तबलाच का?" चाचांनी विचारले.

"गाण्याच्या क्लासमधून काढलं हिला. बाई म्हणाल्या, पोरीला सूरच नाही, पेटीच्या विरुद्ध गाते. आता तबला तरी जमेल. तोही नाही जमला, तर गाणंबजावणं बंद."

पल्लवी खाली मान घालून पायातली चप्पल काढत होती. चाचांनी पाट पुढे सरकवला.

"तुम्ही तर मुलगी बघायला बसल्यासारखे बसलात, चाचा! पोहे मागवू का?" सविताताई हसून म्हणाल्या.

"मुलगी नाही, वाद्य बघतो. पसंती तिची," चाचांनी उत्तर दिले.

पहिल्या गुरुवारी पल्लवीने तबल्याकडे पाहिलेही नाही. तिने एक पेटी ओढली, खालून वर एकेक पट्टी दाबत गेली आणि वरच्या टोकाशी पोहोचताच तापल्या तव्याला बोट लागावे तसा हात मागे घेतला. दुसऱ्या गुरुवारी चाचांनी मुद्दाम चार पेट्या मांडल्या. चारही ठिकाणी तेच घडले. चाचांनी वहीत लिहिले, 'पेटी नको.' लिहिले खरे, पण समाधान होईना. जिला पेटी नको, ती पुन्हा पुन्हा पेटीकडेच का जाते?

तिसऱ्या गुरुवारी त्यांनी पाचवी पेटी ठेवली. ती इगतपुरीच्या एका भजनी मंडळाची. भाता फाटला म्हणून आलेली; भाता दुरुस्त झालेला, पण सुरांना चाचांचा हात अजून न लागलेला. पल्लवी तिच्यावर खालून वर गेली, वरून खाली आली आणि पुन्हा वर गेली. हात मागे आला नाही. ती हलकेच गुणगुणू लागली, आणि तिचा आवाज पेटीशी तंतोतंत जुळत होता.

चाचांनी आपला नियम मोडला. "बाळ, त्या चार पेट्यांनी तुझं काय बिघडवलं?"

"त्यातले वरचे सूर भांडतात."

"भांडतात म्हणजे?"

"एक पट्टी दाबली की दोन आवाज येतात. एक पुढे जातो, एक मागे राहतो. क्लासच्या पेटीत पण तसंच आहे."

जोडसुरी पेटीत प्रत्येक पट्टीला दोन सूर असतात आणि ते एकजीव करणे हेच चाचांचे काम. त्या चारही पेट्या त्यांनी मिळविलेल्या होत्या. क्लासची पेटीही त्यांनीच दिवाळीपूर्वी सुरात मिळवून दिली होती. त्यांनी वरची पट्टी दाबून कान लावला. त्यांना एकच आवाज ऐकू आला.

एवढ्यात पत्नी हमीदा डबा घेऊन आल्या. "चाचीजान, यांना बारीक आवाज ऐकू येतात का हो?" पल्लवीने सरळ विचारले.

"यांना? दाराची बेल दोनदा बदलली यांनी. म्हणे बेलच खराब! मी दार ठोठावते, तेव्हा कुठं उघडतात."

 चाचांनी वही मिटून ठेवली असती, तर त्यांचे नाव राहिले असते. मुलगी मात्र जन्मभर बेसूर ठरली असती. सविताताई आत आल्या तेव्हा ते उठून उभे राहिले.

"ताई, मुलीला सूर आहे. माझ्या पेट्यांना नव्हता. तुमच्या क्लासच्या बाईंना मी स्वतः जाऊन सांगतो."

"मग तबला?"

"तिलाच विचारा. तीन आठवडे मी विचारलं नाही, तिथंच चुकलो."

पल्लवीने पेटीवरचा हात काढला नाही.

चाचा त्याच संध्याकाळी क्लासमध्ये गेले आणि बाईंसमोर आपली चूक सांगून आले. पुढच्या आठवड्यात पल्लवीला तिथे परत घेतले. नंतर चाचांनी बेलची तक्रार सुरू झाल्यापासूनच्या दोन वर्षांत मिळविलेल्या पेट्यांची यादी केली, अकरा निघाल्या. दर गुरुवारी शाळेनंतर पल्लवी पाटावर बसे आणि "अजून थोडं... आता जास्त झालं, चाचा!" असे सांगे, चाचा त्याप्रमाणे सुरांच्या पितळी पात्यांवर कानस चालवीत. दहा पेट्या अशा पुन्हा सुरात मिळाल्या.

अकरावी पेटी पेठ तालुक्यातील एका पाड्यावर आहे. ती आणविण्यापूर्वीच चाचा गेले. त्यांची कानस हमीदाचाचींनी पल्लवीच्या हाती दिली आहे. पल्लवी आता पेटी वाजवते, पण कानस चालवायला अजून शिकते आहे. पेठची पेटी ती स्वतः मिळविणार, असे ठरले आहे. ते काम बाकी आहे.